चार सेकंदांची शेजारीण

क्लेटन हॅकमनला टीव्हीशी भांडायची सवय होती. टीव्ही बोलायचा आणि क्लेटन खुर्चीत बसून त्याला उलट उत्तरं द्यायचा. बायको वारल्यापासून सकाळी सहाला लागलेला टीव्ही झोपेपर्यंत बंद होत नसे, आणि वाहिनी कायम एकच. घरोघरी तेल पोचवणारा टँकर चालवून निवृत्त झालेला हा अडुसष्ट वर्षांचा माणूस एरवी ठणठणीत होता. फक्त बातम्या सुरू झाल्या की त्याचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा व्हायचा.

शेजारी अर्लीन ब्रुबेकर. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबून घरी बसलेली, तीही नवऱ्यामागे एकटीच. तिच्याकडेही टीव्ही दिवसभर चालू असे, फक्त वाहिनी क्लेटनच्या बरोब्बर उलटी. एका घरातून ‘देश बुडाला’ असं ऐकू यायचं, दुसऱ्या घरातूनही ‘देश बुडाला’ असंच ऐकू यायचं. बुडवणारे तेवढे वेगळे असायचे.

तरीही एकतीस वर्षांत या दोघांचं कधी वाजलं नव्हतं. बर्फ पडला की क्लेटन आधी तिच्या दारातला उपसायचा, मग स्वतःच्या. दर रविवारी दुपारचं जेवण तो तिच्याकडे करायचा. शिकारीच्या मोसमात दोघं मिळून डोंगरात जायचे. मागच्या वर्षी हरीण अर्लीनने टिपलं आणि क्लेटनची गोळी झाडात घुसली. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण अर्लीनने ती सगळ्यांना सांगितली आहे.

आणि तरीही एका बातमीने हे सगळं उधळलं! कसं, ते ऐका.

आमच्या हेमलॉक रन या गावाच्या समितीने एका पानाचा ठराव मांडला. कलमं दोनच. ज्याला हवं असेल त्याला समिती बंदुकीचं कुलूप फुकट देईल. आणि ज्या घरात लहान मुलं राहतात किंवा येतात-जातात, तिथे बंदुका कुलपात ठेवाव्यात. कोणी ठेवत नाही असं कळलं, तर समिती त्याला आठवणीचं पत्र पाठवेल. दंड नाही, तुरुंग नाही, झडती नाही. तो कागद वाचनालयाच्या फळ्यावर तीन आठवडे लटकत होता. त्याच्याखालची हरवलेल्या मांजराची जाहिरात मात्र सगळ्यांनी वाचली होती.

मग शहरातून वार्ताहर आली. टेरिन नावाची, पंचविशीची तरतरीत मुलगी. हॉटेलाबाहेरच्या फुटपाथवर तिने आधी अर्लीनला गाठलं, मग तासाभराने क्लेटनला. दोघं वीस-वीस मिनिटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माईक पुढे धरला होता, मग कोण सोडतो! संध्याकाळी सहाच्या बातम्यांत दोघंही झळकले, प्रत्येकी चार सेकंद. पडद्याचे दोन तुकडे केलेले. डावीकडे अर्लीन म्हणाली, “बंदुकीची मला भीती वाटते.” उजवीकडून क्लेटन गरजला, “हे मला कोणी सांगायची गरज नाही!” आणि खाली अक्षरं सरकली: ‘बंदुका जप्त होणार? शेजारी आमनेसामने!’

तासाभरात ते आठ सेकंद क्लेटनच्या वाहिनीने उचलले आणि अर्लीनला ‘बंदूकविरोधी आजी’ म्हटलं. अर्लीनच्या वाहिनीनेही उचलले आणि क्लेटनला म्हटलं ‘मुलांच्या जिवावर उठलेला हेकेखोर’.

क्लेटन खुर्चीतून उठलाच. “भीती वाटते म्हणे! माझ्या शेजारी बसून हरीण मारलं तेव्हा नाही वाटली भीती? एकतीस वर्षं नाटक केलं बाईने!”

आता मंडळी, तुम्हीच सांगा. ज्या बाईचा नेम याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तिच्याबद्दल त्याने विश्वास कोणावर ठेवला? डोळ्यांवर नाही, टीव्हीवर!

तो तरातरा तिच्या दाराशी गेला. “अर्लीन, हे काय बोललीस तू?”

“तुला का सांगू?” अर्लीनने दार बोटभर उघडलं. “तुला कोणी सांगायची गरज नाही ना? टीव्हीवर तूच म्हणालास. तेही माझ्या तोंडावर!”

“तोंडावर कसं? तू होतीस तरी का तिथे?”

दार धाडकन बंद झालं.

झालं! पुढचा बर्फ पडला तेव्हा क्लेटनने तो कुंपणापर्यंत उपसला, एक इंचही पुढे नाही. तिसऱ्या रविवारी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डब्यातलं सूप गरम न करताच पीत होता आणि पलीकडून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. त्याने खिडकी बंद केली, मग थोड्या वेळाने पुन्हा उघडली. त्या दिवशी टीव्हीशी भांडायलाही त्याला जोर आला नाही. खरं सांगायचं तर तो रडवेला झाला होता. अर्लीननेही सवयीने दोन ताटं मांडली आणि एक पुन्हा उचलून ठेवलं. पण आधी बोलणार कोण?

अशात आमच्या अग्निशमन दलाची वार्षिक सोडत आली. आमच्याकडे आगीचे बंब सोडतीच्या तिकिटांवर चालतात आणि बक्षीस म्हणून बंदुका असतात, नाहीतर डुकराच्या मांसाचं हॅम. परक्याला नवल वाटेल, पण घर पेटल्यावर कोणाला वाटत नाही. दलाच्या सभागृहात हॅम आणि बीन्सचं सूप उकळत होतं, अख्खा गाव लोटला होता. तिकिटं विकून झाल्यावर मिस लेसिग पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिसरीत त्यांनीच शिकवलेलं. कोपऱ्यात टेरिन कॅमेरा लावून उभी होती.

दलप्रमुखाने तिकिटांच्या पिंपात हात घातला आणि आकडा वाचला. “पहिलं बक्षीस, शिकारीची रायफल... अर्लीन ब्रुबेकर!”

सभागृहात चमचे थांबले. बंदूकविरोधी आजीला बंदूक!

टेरिन धावली. “मिसेस ब्रुबेकर, आता तुम्ही ही बंदूक परत करणार का?”

“का म्हणून?” अर्लीन म्हणाली. “बावीस वर्षं तिकीट घेतेय. बावीस वर्षांत एक हॅमसुद्धा लागलं नव्हतं मला!”

लोक हसले. टेरिनला बंदूक हातात घेतलेली अर्लीन कॅमेऱ्यात हवी होती, पण इथे नुसती चिठ्ठी देतात. बंदूक दुकानात मिळते, तीही कागदपत्रं आणि सरकारी चौकशी झाल्यावर. अर्लीनने चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

क्लेटनला राहवलं नाही. तो उभा राहिला. “पण तुला तर भीती वाटते ना?”

“आणि तुला कोणी सांगायची गरज नाही ना? मग बस खाली!”

“एकतीस वर्षं फसवलंस मला!”

“मी फसवलं? तू मुलांच्या जिवावर...”

ठक्! ठक्! ठक्! मिस लेसिगची काठी फरशीवर आपटली. सत्तरीची माणसं आपोआप ताठ बसली.

“क्लेटन, बोट खाली! अर्लीन, तूही! त्या दिवशी हॉटेलाबाहेर मी बसची वाट बघत बाकावर बसले होते. बस आली नाही, त्यामुळे दोघांचं सगळं ऐकलं मी. अर्लीन, ‘बंदुकीची मला भीती वाटते’ याच्यापुढे काय म्हणालीस?”

अर्लीन आठवू लागली. “म्हणाले... भीती वाटते म्हणूनच मी ती इतकी वर्षं नीट हाताळली. भीती गेली की माणूस निष्काळजी होतो. माझा नवरा मला हेच सांगायचा.”

“आणि क्लेटन, ‘हे मला कोणी सांगायची गरज नाही.’ हे म्हणजे काय?”

क्लेटनचा आवाज उतरला. “बंदूक कुलपात ठेवा, हे. मुलं रांगायला लागली तेव्हापासून ठेवतोय मी. आता नातवंडं येतात तर किल्ली गळ्यात असते.” त्याने सदऱ्यातून दोरी बाहेर काढून दाखवली.

“म्हणजे दोघंही एकच सांगत होतात, मूर्खांनो! तासाभराच्या अंतराने बोललेल्यांना शेजारी उभं करून कोणीतरी भांडण लावलं आणि तुम्ही ते घरी नेऊन पोसलं! तो ठराव किती जणांनी वाचलाय? हात वर करा!”

शे-दीडशे माणसांत तीन हात वर झाले. एक मिस लेसिगचा, दुसरा ठराव टाइप करणाऱ्या बाईचा. तिसरा माणूस आळस देत होता.

मिस लेसिगनी पर्समधून कागद काढून वाचला. दोन मिनिटं लागली. मग कोणीतरी म्हणालं, “एवढंच?”

“एवढंच!” त्या टेरिनकडे वळल्या. “आणि पोरी, तू! चाळीस मिनिटांतले आठ सेकंद निवडताना तुला काहीच वाटलं नाही?”

टेरिनचा चेहरा लाल झाला, पण तिने नजर खाली केली नाही. “वाटलं. मी सहा मिनिटांचं करून दिलं होतं, बाई. वरून सांगितलं, आठ सेकंद. का माहितीये? शांत माणूस बोलायला लागला की तुम्ही सगळे वाहिनी बदलता. सेकंदासेकंदाचा हिशेब असतो आमच्याकडे. भांडण दाखवलं की तुम्ही बसून राहता!”

क्लेटनने मान खाली घातली. तीन आठवडे तो तेच तर पाहत होता, तेच आठ सेकंद, पुन्हा पुन्हा!

“मिस लेसिग,” तो म्हणाला, “ही पोरगी खरं बोलतेय. तिने काडी टाकली असेल, पण फुंकर मी घातली.” मग अर्लीनपुढे जाऊन तो टोपी काढून उभा राहिला. “अर्लीन, मी तुला नीट विचारायला हवं होतं. विचारायच्या आधी ठरवूनच आलो होतो. चुकलं माझं.”

“मी दार उघडायला हवं होतं,” अर्लीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “रविवारी ये. आणि येताना तो कागद वाचून ये!”

टेरिनने त्या संध्याकाळचं सगळं चित्रण पाठवलं. बातमीत फक्त काठी आपटणाऱ्या मिस लेसिग दिसल्या आणि खाली अक्षरं आली: ‘हेमलॉक रनमध्ये तणाव वाढला!’

रविवारी क्लेटन आला तो ठरावाची प्रत घेऊन. पहिल्या कलमाला त्याची हरकत नव्हती. दुसऱ्याखाली मात्र त्याने पेन्सिलने तीन रेघा ओढल्या होत्या.

“कोणी कुलूप लावत नाही हे समितीला कळणार कसं? चहाडी केल्यावरच ना? शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करायची? हे मला पटत नाही.”

“अरे, नुसतं पत्र येणार आहे! एखाद्या पोराचा जीव वाचणार असेल, तर करीन मी चहाडी. तुझीसुद्धा!”

दोन तास वाद झाला. रस्सा दोनदा गरम करावा लागला. टीव्ही बंद होता. तो लावायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी अर्लीनने डोक्याला हात लावला. “तू चुकतोयस, क्लेटन. साफ चुकतोयस!”

“चुकत असेन,” क्लेटन म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं. “पण निदान ही चूक माझी स्वतःची आहे. टीव्हीवरून उसनी आणलेली नाही.”

मंडळी, बंदुकीबद्दल तुमचं मत काय असावं, हे मी सांगणार नाही. आमच्या गावातही ते अजून एक झालेलं नाही आणि व्हावं असाही माझा हट्ट नाही. एवढंच सांगतो, मत बनवण्याआधी मूळ कागद वाचा, आणि शेजारी काय म्हणाला हे बातमीला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा!