बोटभर जादा

"आधी स्विच बंद कर, मग वायरीला हात लाव," पृथ्वीराज म्हणाला. "चालू मोटरची वायर वडलीस की तिला चालवणारा ड्रायव्हर बोर्ड जळून गेला. मग बस बोंबलत."

जोतीरामनं मुकाट्यानं स्विच बंद केला. उद्यमनगरातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन त्याला कुणी असं बोलावं आणि त्यानं ऐकून घ्यावं, हे पूर्वी घडलं नसतं. पण आज गरज त्याची होती, आणि पृथ्वीराज शाळेपासूनचा मित्र होता. नाव राजाचं असलं तरी पृथ्वीराजनं जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केले होते. आता टीव्ही दुरुस्त करून घेण्याची पद्धतच गेली, त्यामुळे कुणी बोलावलं की तो पिशवी घेऊन आनंदानं जायचा.

जोतीराम पॅटर्न करायचा. फौंड्रीत लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. सागवानावर पटाशी चालवण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं जोतीराम स्वतःच सांगायचा, आणि बाकीचे कारागीर नाइलाजानं मान डोलवायचे. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हातानं दाद दिली नाही. एकदा पटाशी निसटून तयार पॅटर्नवरून फर्र करत गेली, त्या दिवशी त्यानं मशीनचा घाट घातला. भंगारातली चौकट, बाजारातले स्क्रू, तीन मोटरी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढ्या भांडवलावर त्यानं ते उभं केलं. संगणकाला चित्र द्यायचं, मोटरी कटर फिरवणार आणि लाकूड कोरून निघणार. हे मशीन नीट चाललं तर शेड चालू राहणार होती. नाही चाललं तर शटर ओढून घरी बसायचं.

आणि पहिलंच पॅटर्न परत आलं होतं. शिरोलीच्या एका फौंड्रीतल्या प्रियदर्शनी मॅडमनी फोन केला होता. "काका, सगळीकडं मोठं आलंय बघा. उद्या दुपारपर्यंत दुसरं करून द्या. नाहीतर मला काम दुसरीकडं द्यावं लागेल." ती अदबीनं बोलली, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

पृथ्वीराजनं मशीन चालवून बघितलं तेव्हा कटर आडवा सरकवणारी मोटर गुरगुरली, जागच्या जागी हलली आणि थांबली.

"वायर तुटलीया कुठंतरी," तो म्हणाला. "चार वायरी असत्यात, दोन जोड्या. एक जोडी गेली की मोटर फिरत न्हाय. नुसती थरथरती."

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. जोतीरामनं उजवा हात खिशात घातला होता. पृथ्वीराज उगीचच पिशवीत काहीतरी शोधत बसला.

"ये हिकडं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मी दोन वायरींची टोकं जोडून धरतो. तू मोटरचा दांडा फिरवून बघ. जोडी बरोबर असली की जड लागंल."

जोतीरामनं दांडा चिमटीत धरला. बोटं थरथरतच होती, पण त्यांना कळत होतं. "हलका हाय." पृथ्वीराजनं वायरी बदलल्या. "आता जड." मग दुसरी जोडी धरली. "हलका... थांब, मधीच जड झाला. परत हलका."

"मग ह्यीच. आतनं तुटलीया."

बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याच्या बोटांना काही विचारलं होतं. जोतीरामला बरं वाटलं.

वायर सांधली. मोटर आता मऊ फिरायला लागली. दोघांनी चहा मागवला आणि परीक्षा म्हणून शंभर मिलीमीटरचा एक चौकोन कापायला लावला. जोतीरामनं कपाटातून आपली पोलादी पट्टी काढून त्यावर ठेवली.

"बघ. केसाचा फरक न्हाय."

पृथ्वीराजनं आपलं बारीक मोजायचं व्हर्नियर लावलं. "एकशे एक हाय."

"तुजं व्हर्नियर कवातरी पडलंय."

"आनि तुजी पट्टी काय अंबाबाईच्या देवळातनं आणलीस?"

यावर दोघं थोडं भांडले. भांडण चहा येईपर्यंत टिकलं. मग पृथ्वीराज संगणकापाशी गेला. एक मिलीमीटर सरकायला मोटरीनं किती पावलं टाकायची, तो आकडा तिथं असतो.

"ह्यो आकडा कुणी घातला?"

"मी. व्हिडिओत तसंच सांगितलंय की. मशीनला शंभर जा म्हणायचं, पट्टीनं मोजायचं, कमी भरलं की आकडा वाढवायचा. कमी भरत हुतं, वाढवला."

"पर स्क्रू बाजारातला हाय मर्दा. हिशेबानं गोल आकडा याय पायजे. ह्यो शेकड्याला एक जादा हाय."

जोतीराम स्टुलावर बसला. शेकड्याला एक. हा हिशेब त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठ होता.

ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, शेकड्याला एक. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं. दर मापाला हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलीमीटर जरासा लांब असतो, डोळ्यांना कळणार नाही इतका. जोतीरामची पट्टी त्याच्या वस्तादांनी दिलेली. तिच्यावरची अक्षरं कधीच झिजून गेली होती, आणि दुसरी पट्टी त्यानं आयुष्यात वापरली नव्हती. मिलीमीटर म्हणजे तोच, असं त्याच्या हाडात बसलं होतं. पण फौंड्रीनं संगणकासाठी पाठवलेल्या चित्रात ती वाढ आधीच धरलेली होती. मशीननं पट्टीच्या भरवशावर ती पुन्हा एकदा धरली. पॅटर्न मोठं होण्यात मोटरीचा दोष नव्हता, ड्रायव्हरचाही नव्हता.

सगळं कळल्यावर पृथ्वीराज पोट धरून हसला. मग मित्राचं तोंड बघून थांबला.

जोतीरामला झालेल्या चुकीचं फारसं काही वाटलं नव्हतं, चूक माणसाकडून होते. लोखंड किती आटेल हे ओळखून लाकडाला जादा द्यायचं, ही त्याची विद्या होती. ते काम आता त्याच्याकडं येण्याआधीच झालेलं असणार, याचं त्याला वाईट वाटलं.

पृथ्वीराजनं आकडा हिशेबानं गोल केला आणि नवं पॅटर्न कापायला लावलं. "ती पट्टी हितं ठेवू नगंस," जाताना तो म्हणाला. "सवयीनं हात जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रियदर्शनीनं पॅटर्न सगळ्या बाजूंनी मोजलं. "बरोबर आहे काका. पुढची चित्रं पाठवते, लावा मशीनला." शेड राहिली. त्याला हायसं वाटलं. परत येऊन त्यानं कपाटातली पट्टी काढली आणि संध्याकाळी घरी नेली.

घरी गेल्यावर हातपाय न धुता तो पलंगापाशी गेला. लग्नाच्या वर्षी त्यानं स्वतः केलेला सागवानी पलंग. त्याच्यावर टाकलेली प्रत्येक गादी पायाकडं बोटभर आखूड पडायची. तीन गादीवाल्यांशी तो कडाक्याचा भांडला होता. शेवटी वर्षाराणीनं, त्याच्या बायकोनं, जुन्या लुगड्याची घडी त्या फटीत कोंबली आणि तो विषय संपवला.

"काय मोजायलाईसा?" वर्षाराणी स्वयंपाकघरातून आली.

"पलंग." तो पट्टी पुढं सरकवत होता. त्या पट्टीनं पलंग अगदी बरोबर भरला. "गाद्या बरोबर हुत्या. पलंग मोठा झालाय."

"मी तवाच म्हणलं हुतं."

"म्हणली हुतीस."

असं कबूल करायची त्याची रीत नव्हती.

"कापून बारका करू?" त्यानं विचारलं.

"कशाला? सवय झालीया आता."

त्याच्या हातातली पट्टी पलंगाच्या कडेवर बारीक टकटक वाजत होती. वर्षाराणीनं ती काढून घेतली. फटीतली घडी ओढून काढली, उलगडली, पट्टी तिच्यात गुंडाळली आणि घडी पुन्हा होती तिथं दाबून बसवली.

"हात धुवा," ती म्हणाली. "भाकरी गरम हाय."