वाटून घेतलेले उपास

"निर्मला, माह्या वाटनीचे तांदूळ नको धुऊ वो आज. टेकचंदचा सोमवार हाये."

माझ्या जाऊबाई, सत्यभामाबाई, यांचा हा आवाज अजून कानात आहे. सोमवार काही टेकचंदनं धरलेला नव्हता. टेकचंद म्हणजे त्यांचा मुलगा. भंडाऱ्याला खोली करून कॉलेजात शिकायचा आणि सोमवारच काय, कोणत्याही वारी पोटभर जेवायचा. उपास बाईंचा, फक्त नाव त्याचं. मॅट्रिकला तो पहिल्यांदा बसला तेव्हा बाईंनी सोमवार धरला. तो पास झाला, पण सोमवार काही सुटला नाही, कारण पुढे कॉलेजची काळजी होतीच.

असे घरातल्या सगळ्यांच्या नावाचे उपास होते. गुरुवार माझ्या यजमानांचा, कारण ते राइस मिलमध्ये पट्ट्याजवळ काम करायचे आणि पट्ट्यात धोतर अडकण्याची बाईंना भीती. शनिवार भासऱ्यांचा. भासरे म्हणजे लक्ष्मणराव, बाईंचे यजमान आणि माझे मोठे दीर. त्यांची साडेसाती केव्हाच उतरली होती, तरी बाई म्हणायच्या, "गेली म्हनते, पन वळून पाहीन तर?" आणि शुक्रवार बेबीचा. बेबी त्यांची मुलगी, तुमसरच्या पुढे बपेऱ्याला दिलेली.

मी स्वतः व्रतं करणारी बाई आहे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घेत नाही, चातुर्मासात दिवसातून एकदाच जेवते. तेव्हा उपासाला मी नावं ठेवते असं कोणाला वाटू नये. पण बाईंचा उपास म्हणजे काळजीला घातलेलं खतपाणीच होतं. दिवसभर पोटात काही नाही, डोक्यात मात्र ज्याच्या नावाचा वार तो माणूस. मग दिवेलागणीला तुपातली साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू, तळलेले आलू, आणि आमच्या शहापूरच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांकडचे शिंगाडे आले की त्यांच्या पिठाचा शिरा. तेवढं जड पोट घेऊन बाई खाटेवर पडायच्या आणि डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत राहायच्या. अंग वाढत गेलं. बांगड्या साबण लावूनही निघेनात. लुगड्याच्या निऱ्या कमी पडू लागल्या तशा त्या हसून म्हणायच्या, "पाय वो, उपाशी राहून राहून म्या कशी वाळली!"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली, रोवण्याच्या दिवसांत, बाई धानाच्या बांधीतच, भर वावरात, चिखलात बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच. बायकांनी त्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणलं, भासऱ्यांनी बैलगाडी जुंपली, आणि सोबत मी, अशा आम्ही भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय खाता बाई?"

"काही नाही जी. उपास असते."

"मग वजन कशानं वाढलं?"

मी पदराआडून हळूच फराळाचं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. "असा उपास असेल तर मीही धरतो." मग हसू आवरून भासऱ्यांकडे वळले. "साधं वरणभात, भाजी, वेळेवर जेवण. संध्याकाळी चालणं. आणि रात्रीची झोप. गोळी देतो, पण डोक्यावरचं ओझं उतरलं नाही तर वजन उतरायचं नाही आणि झोपही यायची नाही. पुढच्या वेळी चक्कर येऊन थांबणार नाही, एक अंग जाईल."

परतताना भासरे सारा रस्ता नुसते बैल हाकत राहिले. घरी आल्यावर मात्र बाईंशी त्यांची जुंपली.

"उपास सोड."

"आन् कोनाले काही झालं तं? देव इचारीन का नाही, सत्यभामे, कबूल करून पळाली काहून म्हनून?"

"अवो, तूच गेली तं मंग देव कोनाले इचारीन?"

"तुमाले! तुमीच राहान ना मांगं."

त्याही भांडणात भासऱ्यांना हसू आलं, पण ते लगेच विझलं. ते ओसरीवर जाऊन भिंतीला टेकून बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी पोरक्या लेकरासारखा दिसत होता.

मला बाईंना गमवायचं नव्हतं. मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती; बाईंनी कधी ते बाहेर सांगितलं नाही, स्वतःच फुंकर घालून नाव माझं केलं. पण बोलायचं कसं? भासऱ्यांशी आमच्याकडे सून समोरासमोर बोलत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले आणि बाईंना म्हटलं, पण आवाज ओसरीवर जाईल एवढा ठेवला.

"बाई, व्रत सोडू नये, हे खरं. पन बाईमानूस आजारी असली तं तिचं व्रत घरातलं दुसरं मानूस चालवते. माह्या माहेरी बाळंतपनात आईचे सोळा सोमवार बाबानंच पुरे केले. म्हना त्याईले, ज्याचा उपास त्यानंच घ्यावा."

ओसरीवरून खाकरण्याचा आवाज आला. मग भासरे मोठ्यानं म्हणाले, "शनिवारी चहा चालते का, इचारा."

"चालते म्हना," मी दारामागून म्हटलं.

पुढच्या रविवारी टेकचंद खोलीवरून आला तेव्हा बाईंनी देवापुढे दिवा लावला. तळहातावर पाणी घेऊन ज्यानं त्यानं आपला वार मागून घेतला. टेकचंद कुरकुरला, "मंग सोमवारी मेसमध्ये मी काय खाऊ?" तर माझे यजमान म्हणाले, "तुह्या आईनं इतके दिवस काय खाल्लं?" त्यानं हात पुढे करून सोमवार घेतला. गुरुवार यजमानांनी घेतला आणि पट्ट्याजवळ धोतराऐवजी पायजमा घालीन असं आपणहून कबूल केलं. ते ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू एवढी वर्षं देवाला सांगत होत्या ते नुसतं दिराला सांगितलं असतं तरी भागलं असतं.

शनिवार भासऱ्यांनी घेतला. पहिल्या शनिवारी दुपारी ते चारदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन गेले. संध्याकाळी बाईंना म्हणाले, "आन् तू हे आठोड्यातून इतक्या खेपा करत होती? कोनासाठी वो, माह्यासाठी?" बाई लाजल्या. मी तिथून उठून गेले.

फक्त शुक्रवार राहिला होता. "तो माह्याजोळच राहू द्या," बाई म्हणाल्या होत्या. "बेबी बपेऱ्याले. तिचा कोन घेईन?" त्यावर भासरे उठून गोठ्यात निघून गेले होते.

त्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बेबीच्या लग्नात मांडवातल्या गडबडीत व्याह्यांचा दुपट्टा-टोपीचा मान द्यायचा राहून गेला. व्याही पंगतीतून उठले. भासऱ्यांनी चूक कबूल करायची सोडून म्हटलं, "टोपीसाठी जेवन सोडते तं सोडू द्या." तेव्हापासून बेबीला ना पोळ्याला पाठवलं, ना दिवाळीला. भासऱ्यांनीही बपेऱ्याची वाट धरली नाही.

बाकीचे वार मोकळे झाले तसा बाईंत फरक पडू लागला. साधं जेवू लागल्या. संध्याकाळी आम्ही दोघी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, मारुतीपर्यंत चालत जायचो. आधी त्या अर्ध्यातच बसायच्या, मग मलाच "पाय उचल ना वो" म्हणू लागल्या. बांगडी मनगटावर फिरू लागली. पण झोप अर्धीच आली. शुक्रवार जवळ आला की पुन्हा आढ्याकडे डोळे.

दिवाळीच्या आधी पुन्हा भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी वजन पाहून मान डोलावली, दाब पाहून मात्र नाही. "बाई, अजून काहीतरी डोक्यात आहे. काय आहे?"

"काही नाही जी," बाई म्हणाल्या. त्यांनी चुकूनही आपल्या यजमानांकडे पाहिलं नाही. ते न पाहणंच भासऱ्यांना लागलं असावं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी बाईंचा हात धरला, भर रस्त्यात, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर पाय धुऊन ते सरळ देवापुढे बसले. "सत्यभामा, शुक्रवार दे इकडं."

"तुमी शनिवार कसा काढता ते पायते ना मी. दोन दिस उपाशी राहान?"

"राहीन. आन् उपासानंच काम होत नसन तं जे कराचं ते बी करीन." त्यांनी तळहात पुढे केला. "पानी टाक."

बाईंनी पळी उचलली. पाणी अर्धं हातावर, अर्धं जमिनीवर पडलं. भासऱ्यांनी ते ताम्हणात सोडलं आणि उठले. त्या रात्री बाईंनी खाट भिंतीकडे ओढून घेतली आणि तोंड फिरवून पडल्या. सकाळी म्हणाल्या, "म्या झोपली होती का वो? मले तं काहीच याद नाही."

शुक्रवारी उजाडताना मी अंगणात होते. भासरे बाहेर आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी. पिशवीच्या तोंडातून नव्या दुपट्ट्याची जरीची किनार दिसत होती, आणि वर एक कोरी पांढरी टोपी, घडी न मोडलेली. मी पदर ओढून बाजूला झाले.

ते थबकले. माझ्याकडे न पाहता, विहिरीच्या दिशेनं बोलले, "झोपली हाये अजून. कोनी उठवू नोका म्हना."

मग वहाणा हातात घेतल्या, की अंगणातल्या गिट्टीवर त्यांचा आवाज होऊ नये, आणि अनवाणीच तुमसरच्या गाडीसाठी सडकेकडे निघाले.