अर्धा खजूर

एक खजूर, मधोमध चिरलेला.

मुंबई ते मेलबर्न, हवेतून जवळजवळ दहा हजार किलोमीटर. बारा तास.

सुभेदारांच्या पँटची उसवलेली शिवण.

सातारा–सांगली एसटी, कराडला चहा.

मार्चातलं ऊन.

विश्रामबागेतल्या आपल्या दुकानात मोहिद्दीन टेलर मशीनवर बसला होता आणि हे सगळं त्याच्या डोक्यात एकदमच चाललं होतं. लेक सबा तिकडं मेलबर्नला बाळंत व्हायची होती. तिच्यासाठी त्याची बायको शाहजादी आज सकाळी पहिल्यांदाच विमानात चढली होती, तीही एकटी. लग्न झाल्यापासून दोघांनी रमजानचा रोजा एकाच खजुराच्या दोन फोडींवर सोडलेला. काल ती सांगलीहून निघताना त्यानं एक फोड तिच्या पर्समध्ये ठेवली, दुसरी कागदात गुंडाळून आपल्या खिशात. म्हटलं, लांब असलो तरी एकदमच सोडू. आज सकाळी ध्यानात आलं, बाई चालली पूर्वेला. तिचा सूर्य आधी बुडणार.

पँट न्यायला आलेले मानसिंग सुभेदार मोबाइलच्या नकाशावर सरकणारं विमान बघत होते. लष्करात गाड्यांचे ताफे नेलेला माणूस.

"ताशी नऊशेनं चाललंय. सातारा ते सांगली आठ मिन्टात, मोहिद्दीनभाई!"

"माहेरी गेली की हिला साताऱ्याहून यायला आठ दिस लागायचं."

"परवासात रोज्याला सूट न्हाई व्हय तुमच्यात?"

"हाय की. पर ती न्हाई घ्यायची. लय हट्टी."

"मग आता सोडंल बघा. चारच वाजल्यात, पर नकाशावरची रातीची काळी सावली इमानाला भिडली."

मोहिद्दीनचा पाय पायडलवर थांबला. खिडकीशी बसलेली शाहजादी त्याला दिसली. डोक्यावरचा पदर सारखा करणारी, पर्समध्ये बोटांनी चाचपणारी, ओठांतल्या ओठांत दुआ म्हणणारी. त्याचा हात खिशात गेला. फोड तोंडात गेली. चावून, गिळूनही झाली.

दारात ऊन रणरणत होतं.

"आवं, काय केलंसा हे!" सुभेदार ओरडले.

मोहिद्दीननं तोंडावर हात धरला. मग म्हणाला, "विसरून खाल्लं तर रोजा तुटत न्हाई."

"विसरलासा? का आठवण आली?"

"तिची आली. रोज्याची गेली."

सुभेदारांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि चूळ भरायला तांब्या पुढं केला.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली तेव्हा सुभेदार शिवलेली पँट काखेत धरून अजून तिथंच होते. शेजारच्या दुकानातून त्यांनी मूठभर खजूर आणले.

"नगं," मोहिद्दीन म्हणाला, "आमचा झाला आजचा." आणि पाण्यावर रोजा सोडला.

शाहजादीनं आपली फोड सकाळी मुंबईच्या विमानतळावर, सामोसा आणि चहाच्या आधी खाल्ली होती.