ढगळ कोटाला काही कळेना

मी एक जुना कोट आहे. चॉकलेटी रंगाचा, रुंद कॉलरचा, कोपरांवर घासून चकाकणारा. मित्रांनो, वय वाढले की समज वाढते असा माझा समज होता. माझे मात्र उलटेच झाले. जसजसा जुना होत गेलो, तसतसे मला काहीच कळेनासे झाले.

जिंतूरच्या एका शिंप्याने मला बोरी गावच्या बन्सीधरच्या लग्नासाठी शिवले. बन्सीधर अगदी काटकुळा. तरी त्याच्या वडिलांनी शिंप्याला बजावले होते, "ढिला शिवा, मास्तर. ह्याच्या मागं भावकीत अजून लय पोरं हायत." तेव्हा रीतच तशी होती. एकदा कोट शिवायचा आणि भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाने तोच घालून बोहल्यावर उभे राहायचे. त्यामुळे मी जन्मलो तोच ढगळ. बन्सीधरची बोटे माझ्या बाहीतून जेमतेम डोकावत होती आणि करवल्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण मानही तेवढाच मिळाला. "नवरदेवाचा कोट कुठंय?" अशी आरोळी उठली की मी पेटीतल्या पेटीत ताठ व्हायचो. किती जणांची हळद माझ्या कॉलरला लागली आणि किती जणांचे अत्तर अंगात मुरले, याचा हिशोब मी ठेवला नाही. पुढे भाड्याच्या शेरवान्या आल्या आणि मला कुणी विचारेना. काही वर्षे मी मोटारसायकलवर धूळ बसू नये म्हणून पसरलेला होतो. शेवटी एका पातेल्याच्या बदल्यात बन्सीधरच्या घरच्यांनी मला भांडेवाल्या चतुराबाईच्या गाठोड्यात टाकले.

चतुराबाई जिंतूरच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग मांडायची. लोक मला उचलायचे, ढगळ म्हणून नाक मुरडायचे आणि परत फेकायचे. एके दिवशी कॉलेजातली एक मुलगी आली. अबोली तिचे नाव. तिने मला अंगावर चढवले. खांदे खाली ओघळले, बाह्या बोटांवर आल्या. आता ही हसणार, म्हणून मी अंग चोरले. तर ती ओरडली, "अगं मावशी, काय भारी बसायलाय!"

बसायलाय? मी कुठे बसत होतो? मी तर लोंबत होतो. चतुराबाईसुद्धा माझ्यासारखीच गोंधळली.

अबोलीला कपड्यांचे भयंकर वेड. परदेशातल्या फॅशन शोमध्ये रॅम्पवर कोण काय घालून चालले, हे ती मोबाईलवर रोज बघायची आणि त्यावर बेधडक मते द्यायची. फुग्यासारख्या बाह्या तिला बिलकुल पटल्या नव्हत्या. अंगावर पिसे लावून चालणे तिच्या मते निव्वळ देखावा होता. मात्र ढगळ कोट म्हणजे तिचा जीव की प्राण. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोशाखांची स्पर्धा होती आणि मला घालूनच स्टेजवर जायचे, हे तिने बाजारातच ठरवून टाकले.

घरी तिची आई सविता शिवणयंत्रावर बसली होती. गल्लीतले ब्लाऊज आणि फ्रॉक ती शिवायची. मला बघताच तिचा पाय थांबला.

"कुणाचा हाय ह्यो?"

"विंटेज हाय, आई."

"म्हंजी?"

"म्हंजी जुना, पण लय भारी."

"जुना म्हंजी जुनाच की! घरात मशीन असून माझी पोरगी लोकाचं उतरलेलं घालायली? पयला भाईर ने त्याला."

माझी रवानगी अंगणातल्या तारेवर झाली. सविताने लगेच मोरपंखी कापड आणून अबोलीसाठी ड्रेस बेतायला घेतला. अबोली म्हणाली, घालीन तर कोटच. मायलेकींचे बोलणे बंद पडले. मी तारेवर लोंबत विचार करत राहिलो. एकीला माझी किळस आणि दुसरीला माझे कौतुक, आणि कोट तर तोच. मग मी नेमका कसा होतो?

एका दुपारी चतुराबाई दारावरून चालली होती. सविताने मला तिच्यापुढे धरले. "ह्यो घेऊन जा बाई. बदल्यात काय नको." तेवढ्यात अबोली कॉलेजातून आली आणि माझी दुसरी बाही पकडून उभी राहिली. दोघी दोन बाजूंनी ओढत होत्या आणि माझी शिवण करकरत होती.

"आई, तुझं काय वाकडं केलंय ह्यानं?"

सविताने बाही सोडली आणि मटकन पायरीवर बसली. चतुराबाई समोर आहे, याचेही तिला भान राहिले नाही.

"शाळंत असताना मी पण गॅदरिंगात नाचले होते. माझी आई जिथं कामाला जायची, त्या मालकाच्या पोरीचा जुना फ्रॉक घालून. ती समोरच बसली होती. भर कार्यक्रमात उठून म्हणली, 'तो माझा हाय!' सगळी पोरं हसली गं. नाच अर्धा टाकून पळाले मी. तवाच ठरवलं, शिवण शिकायचं. माझ्या लेकराच्या अंगावर दुसऱ्याचं चढू द्यायचं न्हाई."

अबोलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने मला हळूच चतुराबाईच्या हातात दिले. "मग न्हाई घालत, आई."

सविता पायरीवरून उठली. मग तिनेच मला परत मागून घेतले. "मला घालावं लागलं होतं. तुला घालावं वाटायलंय. दोन्ही एकच हाय का येगळं, मला तर कायबी कळंना. तू घाल."

मित्रांनो, मला वाटले, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी अबोली कॉलेजला गेली आणि सविताने मला मशीनवर घेतले. टरटर उसवले, खांदे कापले, बाह्या आखूड केल्या, कंबर आत घेतली. काम करताना ती गुणगुणत होती. कुणी म्हणू नये की हा दुसऱ्याचा आहे, एवढेच तिच्या मनात होते. ज्या ढगळपणासाठी अबोलीने मला उचलले, तोच तिने मायेने काढून टाकला. मला ओरडून सांगायचे होते, पण कोटाला तोंड कुठे असते?

संध्याकाळी अबोलीने मला घातले. मी तिच्या अंगावर चपखल बसलो. तिचा चेहरा उतरला. मग तिने आईकडे पाहिले. आई दोरा दातांनी तोडत हसत होती. अबोली म्हणाली, "मस्त झालाय गं."

गॅदरिंगच्या दिवशी सविता बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. प्रत्येक मुलीने आपल्या पोशाखाबद्दल बोलायचे होते. अबोलीने ढगळ फॅशनवर झक्कास भाषण पाठ केले होते. आता त्यातले एक वाक्यही उपयोगाचे नव्हते. तिने माईक हातात घेतला आणि माझी आखूड झालेली बाही उगाच खाली ओढली.

"हा कोट जुना हाय," ती शेवटी म्हणाली. सविताने झटकन पदर पुढे ओढला. "बाजारातून आणलाय. कुणाचा होता, ठाऊक न्हाई. माझ्या मापाचा माझ्या आईनं केला. माझी आई तिथं मागं बसलीय."

सगळ्या माना वळल्या. कुणी हसले नाही. शेजारच्या बाईने विचारले, "तुमची का पोरगी?"

सविताने पदर मागे घेतला. "व्हय, माझीच."

बक्षीस अंगावर पिसे लावून आलेल्या मुलीला मिळाले. अबोली म्हणाली, परीक्षकांना काही समजत नाही. मला तरी कुठे समजते? मी ढगळ होतो तेव्हा चांगला होतो की आता, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला शहाणपण शिकवण्याची माझी पात्रता नाही. एवढीच विनंती करतो. जुने कपडे हौसेने घाला, जपून वापरा, खिळ्याला अडकवू नका, खांदे फाटतात. पण घालण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, की तुमच्यापैकी कुणाला असे कपडे नाइलाजाने घालावे लागले होते का. आणि ते सांगू लागले, तर कोट बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ बसा.