टॉवरच्या आधी रंग

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आइनारोच्या सभागृहात शिरताना दारातल्या पोरीनं पहिली सूचना दिली ती मोबाइल बंद करण्याची. आणि सभा कशाबद्दल, तर मोबाइलबद्दल.

"अगं, अर्धा दिवस ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून आलेय," मी म्हटलं. "इथं रेंज मिळते म्हणून आले. आज माझी लेक कोरियाहून फोन करणार आहे."

"राजधानीहून, दिलीहून साहेब आलेत, तिया. मध्येच वाजला तर बरं दिसत नाही."

आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात. केला बंद. माझी नातेर्सिया तिकडे मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्या गावात रेंज नाही. वर डोंगरावर क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं तरच मिळते. रविवारी प्रार्थना आटोपली की मी चढायची आणि ती फोन करायची. मग माझा गुडघा कामातून गेला. आता डोंगर होत नाही, आणि पोरीचा आवाज ऐकून कितीतरी महिने झाले होते. गावात टॉवर आला तर माझ्या दुकानात बसून रोज तिच्याशी बोलता येईल, एवढा एकच स्वार्थ घेऊन मी त्या सभेला गेले होते.

साहेबांचं नाव इलिदिओ. आमच्या लोकांनी त्यांच्या गळ्यात एकावर एक ताइश, म्हणजे हातमागाचे शेले, घातले, इतके की हनुवटी दिसेना. त्यांनी सांगितलं, आजवर देशात फोनची एकच कंपनी आहे, सरकार आता दुसऱ्यांनाही आत घेणार आहे, म्हणजे स्पर्धा होईल आणि दर उतरतील. तुमचं मत काय? मत विचारल्यावर आमच्याकडे आधी आभार मानतात. म्हाताऱ्यांनी मानले, पाद्रीबाबांनी मानले, आमच्या गावचा प्रमुख आब्राव, म्हणजे माझा चुलत दीर, त्यानं तर साहेबांच्या आईवडिलांचेही मानले. मला बोलायला मिळालं तेव्हा भाताचे डबे वाटून झाले होते आणि साहेबांचा ड्रायव्हर दारात किल्ली फिरवत उभा होता.

मी आभार मानले नाहीत. "साहेब, कंपन्या दोन आणा नाहीतर दहा आणा," मी म्हटलं, "पण ज्याला दिली शहर पाहिजे, त्यानं डोंगरही घेतला पाहिजे. मलई त्यांनी खायची आणि आम्ही भांडं चाटायचं, असं नको. टॉवर बांधणं सक्तीचं करा. तसं कायद्यात लिहा."

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात, तिया. नोंद घेतली आहे."

मी हुरळले, खोटं कशाला सांगू? परतीच्या ट्रकमध्ये बसल्यावर फोनची आठवण झाली. चालू केला तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती आणि रेंजही गेली होती.

पुढच्या वर्षी रेडिओवर ऐकलं, सगळ्या जिल्ह्यांतल्या जनतेनं स्पर्धेचं स्वागत केलं आहे. मी आब्रावला गाठलं. "आणि माझं काय झालं?"

"तुझंही आहे ना त्यात," तो म्हणाला. "मी अहवाल पाहिला. डोंगरातल्या महिलाही मोबाइलसाठी उत्सुक आहेत, असं लिहिलंय."

"उत्सुक? सक्तीचं करा म्हटलं होतं मी!"

"अगं, त्यांच्या भाषेत ते तसंच लिहितात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडणार कोणावर? साहेब दिलीत, आणि आब्राव बिचारा त्यांना ताइश घालण्यापुरता.

मग एक दिवस नव्या कंपनीची गाडी आली. शिडी, ब्रश आणि कंपनीच्या हिरव्या रंगाचे डबे घेऊन दोन तरुण उतरले. माझं पत्र्याचं दुकान फुकट रंगवून देतो म्हणाले.

"टॉवर कुठाय?" मी विचारलं.

"आधी रंग, तिया. टॉवर मागून येतोच."

पत्रा गंजला होता, रंग फुकट होता. शिवाय मनात आलं, रंग लावतायत म्हणजे येणारच असतील. दुकान मिरचीसारखं हिरवंगार झालं. मग एकानं कॅमेरा काढला, मला दारात उभं केलं आणि म्हणाला, "फोन कानाला लावा. आता हसा."

"अरे, यात काही ऐकूच येत नाही!"

"फोटोत कुठे आवाज येतो, तिया?"

त्यावर मला खरंच हसू आलं.

टॉवर आला नाही. आला तो आब्राव, आइनारोच्या बाजारातून, पडलेल्या तोंडानं. "नातेर्सियाचा फोन आला होता मला. दिलीतल्या जाहिरातीच्या मोठ्या फलकाचा फोटो कुणीतरी तिला पाठवलाय. तू आहेस त्यात, फोनवर हसतेयस. खाली लिहिलंय, आता डोंगरातही. भयंकर चिडलीय गं. म्हणाली, आईकडे रेंज आली, जगाशी बोलते, मीच तेवढी नकोशी झाले."

आधी मला कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. कळलं तेव्हा मी काठी उचलली.

"तुला नाही जमायचं," आब्राव म्हणाला. तो मागोमाग आला, आणि शेवटची चढण त्यानं मला अक्षरशः ढकलत नेलं. क्रूसपाशी पोचल्यावर मी जमिनीवरच बसले आणि नंबर लावला.

"झाली का सवड?" नातेर्सिया म्हणाली. इतक्या काळानं ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य ते.

"पोरी, टॉवर नाही गं इथं. नुसता रंग लावलाय दुकानाला. मी आत्ता डोंगरावर आहे."

"खोटं बोलू नकोस, आई. मी फोटो पाहिलाय. फोन होता तुझ्या कानाला."

"बंद होता तो."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मग हसत कशाला होतीस?"

"त्या फोटोवाल्या पोरानं सांगितलं, हसा."