शिगोशीग भरलेली टाकी

मष्णूनं टाकीचं झाकण उघडलं आणि पेट्रोल पार गळ्यापर्यंत ओतलं. मागून आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आईची शिकवण. पण आज हात जरा जास्तच सढळ झाला होता. जनरेटरला जळका वास येत होता. आतलं तांब्याच्या तारांचं वाइंडिंग जळून गेलं होतं.

जनरेटर जयाबाईचा.

मष्णूची थाप ऐकायला वेदगंगेतले मासे काठाला येतात, असं गाव म्हणायचं. बॅटरीवरची नाव आणल्यापासून तर त्यानं हद्दच केली होती. ही नाव म्हणे एका चार्जिंगमध्ये कोल्हापूरला जाऊन मिसळ खाऊन येते! उद्या देवीची पालखी पलीकडं न्यायची होती. "वल्हं न्हाय, धूर न्हाय, आवाज न्हाय," असं त्यानं पारावर छाती ठोकून सांगितलं, आणि नेमका गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

त्याचा स्वतःचा जनरेटर धापा टाकून बसला. मग त्यानं जयाबाईचा मागून आणला आणि नावेचे दोन्ही चार्जर त्या एकट्याच्या गळ्यात बांधले. ट्रॅक्टरची बॅटरी आधी गटागटा पिते, मग दमते. त्याला वाटलं, नावेचीही दमेल. लिथियमची ती बया कसली दमतेय! पोट भरेस्तोवर एकाच जोरानं पीत राहिली. ती भरली आणि जनरेटर मेला.

"झालं काम?" जयाबाईनं कोंबड्यांच्या शेडमधून विचारलं.

"झालं की, आक्का. टाकी भरून आणलीया."

तिनं झाकण उघडून काठाशी थरथरणारं पेट्रोल पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"बरं."

शेडमध्ये इवलीइवली पिल्लं किलबिलत होती. ऊन होतं तोवर ठीक. थंडीचे दिवस, ऊन उतरलं की त्यांना बल्बची ऊब लागायची.

ऊन उतरलं. मष्णू घाटावर नाव धूत होता. वरून, जयाबाईच्या शेडकडून, जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला. खर्र. इंजिन जरा फटफटलं आणि बंद झालं. त्यानं मान खाली घालून दुसऱ्या ओढीची वाट बघितली. ती आलीच नाही. नुसती पिल्लांची चिवचिव ऐकू येत राहिली.

"बॅटरी फुल्ल हाय न्हवं रं?" पुजारी मारुतीराव पायरीवरून ओरडले.

"फुल्ल हाय." मष्णूनं फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. "मारुतीराव, उद्यासाठी वल्ही हुडकून ठिवा."

"आन् तुझी कोल्हापूरची मिसळ?"

"नासली."

त्यानं नाव जयाबाईच्या शेडखालच्या पायऱ्यांकडं वळवली. वाटेत तोंडात थापा तयार होत होत्या. उंदरानं वायर कुरतडली. पेट्रोलात पाणी निघालं. देवीचा कोप झाला. एकेक त्यानं गिळली.

पायऱ्यांशी आला आणि थबकला. शेडपासून खाली लांबलचक वायर सोडलेली होती. तिचं टोक नाव बांधायच्या खुंटाला गुंडाळून ठेवलं होतं. वरच्या पायरीवर जयाबाई बसली होती; पदराखाली पाटी, पाटीत पिल्लं.

"आक्का, तुझा जनरेटर माझ्या हातनं—"

"वाटीभर साखर नेऊन कुणी शिगोशीग आणून दिली, की समजावं, वाटी तडकलीया," ती म्हणाली. "जोड आदी. गारठत्यात."

मष्णूनं पिन नावेतल्या इन्व्हर्टरला लावली. वर शेडमध्ये पिवळे बल्ब पेटले. उजेड पायऱ्या उतरत खाली यायला लागला, तसा मष्णू तोंड फिरवून नावेतच खाली बसला.