बाबांचा जर्मन सिनेमा

पहिला ईमेल नेत्राने सरळ डिलीट केला. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते, आणि मेलेल्यांच्या नावाने गळ टाकणारे लोक असतात हे तिला ठाऊक होतं. तुमचे वडील दिगंबर यांनी १९७३ साली एका जर्मन चावट सिनेमात काम केलं होतं, तो प्रसंग व्याख्यानात दाखवायला परवानगी द्याल का, असं पद्मिनी नावाची कुणी संशोधक विचारत होती. बाबा आणि चावट सिनेमा! टीव्हीवर साधं चुंबन आलं तरी पाणी प्यायला उठणारे बाबा!

दुसऱ्या ईमेलसोबत कलाकारांच्या नोंदवहीचं पान आलं. सही बाबांचीच होती.

तिने कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला अरुणकाकांना फोन लावला. जर्मनीत श्टुटगार्टच्या हॉस्टेलमध्ये ते बाबांचे रूममेट होते.

"काका, बाबांनी तिथे सिनेमात काम केलं होतं?"

"कोण म्हणतं?"

"मी विचारतेय."

"अगं, आम्ही इंजिनिअरिंग शिकायला गेलो होतो. सिनेमा कुठला! आणि हे बघ, तुझ्या शोभाकाकूच्या कानावर घालू नकोस हं."

"काय घालू नको? काही झालंच नाही ना?"

"बापासारखीच उलटतपासणी घेतेस," म्हणत काकांनी फोन ठेवला.

शनिवारी नेत्रा नेपरव्हिलहून ट्रेनने शिकागोला गेली. मनाशी ठरलेलं होतं: काही ओंगळ निघालं तर साफ नकार द्यायचा. आईला उरलेलं आयुष्य ज्या माणसाच्या आठवणीवर काढायचं होतं, त्याला कुणी सभेत हसता कामा नये.

पद्मिनी तमिळ घरातली, न्यू जर्सीत वाढलेली. लायब्ररीच्या छोट्या खोलीत लॅपटॉप उघडत ती म्हणाली, "त्या काळच्या असल्या युरोपियन सिनेमांत आपण लोक कोण असतो माहितीये? नोकर, शेख, नाहीतर स्वामी. नाव कुणालाच नसतं."

स्नानगृह. टॉवेल गुंडाळून खिदळणाऱ्या बायका. मधोमध फेटा बांधलेला, उघड्या अंगाचा स्वामी. बाबांचा गोरा रंग पुरेसा भारतीय वाटला नसावा. त्यांना तपकिरी रंग फासला होता. मागे पोट आत ओढून पंखा हलवणारे अरुणकाका.

"अस्सं," नेत्रा पुटपुटली.

एका बाईचा टॉवेल गळून पडला. स्वामींनी डोळे मिटले आणि खिदळण्याआड अस्पष्ट पुटपुटायला सुरुवात केली.

"हा मंत्र कुणालाच ओळखता आला नाही," पद्मिनी म्हणाली. "संस्कृतच्या प्रोफेसरांनाही. खाली सबटायटलमध्ये 'पवित्र मंत्र' असं लिहिणार आहे."

"मंत्र नाही तो. एकोणतिसाचा पाढा आहे."

पद्मिनीने तिच्याकडे पाहिलं. सहानुभूतीने, पण विश्वास न ठेवता. "तुमचं दुःख मी समजू शकते. पण घरच्यांना कधीकधी वाटतं, की आपल्या माणसाने तिथे थोडा तरी विरोध केला असेल..."

"परत लावा."

पद्मिनीने परत लावलं. नेत्रा पडद्यावरच्या ओठांबरोबर मोठ्याने म्हणू लागली. "एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सोळोदरसे..." लहानपणी बाबांनी पाठ करून घेतलेला तोच हेल. आठव्या आकड्याला त्याच बाईने त्यांची खोटी दाढी ओढली. बाबा अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"ओ माय गॉड," पद्मिनी हळूच म्हणाली. मग लगेच, "पण डोळे? दिग्दर्शकाने मिटायला सांगितले की स्वतःहून?"

तोच प्रश्न नेत्राच्या मनात होता. स्वतःहून, असं म्हणायला जीभ उचलली होती. लाज होती, भीती होती, की मिटल्या पापणीआड आणखी काही? सांगू शकणारा एक माणूस गेला होता आणि दुसरा फोन ठेवून देत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तसंच लिहा. माहीत नाही."

तिने फॉर्म पुढे ओढला आणि समासात आकडे लिहिले: २९, ५८, ८७, ११६. पडद्यावर खाली हेच दिसलं पाहिजे, या अटीवर, असं लिहून तिने सही केली.

"आणि ही बाई?" तिने विचारलं. "तिची परवानगी घेतलीत?"

पद्मिनीने नोंदवहीच्या पानावरून बोट फिरवलं. "तिचं नाव नोंदवहीत नाहीच."

"मग शोधा," नेत्रा म्हणाली. फॉर्म अजून तिच्या हाताखालीच होता.